वर्गणी, अनामत आणि माहिती : सभासद-अर्जाच्या भाषेची एक चिकित्सा

(१)

संस्थेचा सभासद होताना माणूस संस्थेच्या हवाली तीन वस्तू करतो : वर्गणी, अनामत आणि माहिती. वर्गणी संस्थेची होते. ती खर्च करण्याचा अधिकार सभासदाने संस्थेस दिलेला असतो व सभासदत्व सोडल्यावर ती परत मागता येत नाही. अनामत रक्कम मात्र सभासदाचीच राहते. संस्था ती सांभाळते, तिची पावती देते, ताळेबंदात ती देणे म्हणून दाखविते आणि सभासदाचे नाव कमी झाले की ती परत करते. तिसरी वस्तू म्हणजे माहिती : नाव, पत्ता, वय, व्यवसाय, दूरध्वनी क्रमांक, आणि अलीकडे छायाचित्र व ओळखपत्राची छायाप्रत. ही तिसरी वस्तू वर्गणीच्या जातीची की अनामतीच्या, हा प्रश्न अर्जाच्या कागदावर कोठेच विचारलेला नसतो. व्यवहारात मात्र तो वर्गणीच्या बाजूने सुटलेला दिसतो. एकदा दिलेली माहिती संस्थेची झाली असे संस्था धरून चालते, आणि सभासदही तसेच समजतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू ही समजूत तपासण्याचा आहे. तपासणीचे साधन भाषा हेच आहे. कारण सभासद आणि संस्था यांच्यामधील करार हा प्रथमतः भाषेचा व्यवहार असतो, आणि त्यात जे शब्द व ज्या वाक्यरचना वापरल्या जातात त्यांनीच माहिती कोणाची हे बऱ्याच अंशी ठरते. उदाहरणासाठी महाराष्ट्रातील दोन प्रकारच्या संस्था घेतल्या आहेत : वर्गणीदारांचे सार्वजनिक ग्रंथालय आणि सहकारी संस्था. शहरातील जिमखाना किंवा क्लब हा थोड्यांच्या वाट्यास येतो. परंतु ग्रंथालयाचा व सोसायटीचा अर्ज सामान्य मराठी माणसाने आयुष्यात कधी ना कधी भरलेला असतो.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात असलेले दिघाशी यासारखे गाव या चिकित्सेत डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. माहितीच्या संरक्षणाविषयीचे लिखाण सामान्यतः मोठ्या कंपन्या आणि महानगरे गृहीत धरून होते. परंतु तत्त्वाची खरी कसोटी लहान संस्थेत लागते. कारण तेथे चिटणीस हा सभासदाचा शेजारी असतो, नोंदवही कोणाच्या तरी घरच्या कपाटात असते, आणि ‘येथे कोणाला कोणाचे काय ठाऊक नाही?’ हा प्रश्न सर्व आक्षेपांचे उत्तर म्हणून पुढे केला जातो.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात ज्या हक्कास मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली, त्यास मराठीत कोणी ‘गोपनीयतेचा हक्क’ म्हणतात, तर कोणी ‘खासगीपणाचा’. हे दोन्ही शब्द आपापला इतिहास बरोबर घेऊन येतात.

‘गोपनीय’ हा शब्द संस्कृतातील ‘गुप्’ या धातूपासून आला आहे. या धातूचा जुना अर्थ राखणे, रक्षण करणे असा आहे. ‘गोप’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. लपविणे हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला, आणि मराठी कारभारात तोच शिल्लक राहिला. सरकारी कचेरीतील ‘गोपनीय अहवाल’ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. हा अहवाल ज्या नोकराविषयी लिहिलेला असे, त्याच्यापासूनच तो मुख्यतः गोपनीय असे. प्रतिकूल शेरा तेवढा त्यास कळविला जाई. २००८ साली देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद संबंधित नोकरास कळविली पाहिजे असा निर्णय दिला, तेव्हा या प्रथेस धक्का बसला. परंतु शब्दाची सवय निर्णयाने बदलत नाही. ‘माहिती गोपनीय ठेवण्यात येईल’ हे वाक्य वाचणाऱ्या मराठी माणसाच्या मनात जे चित्र उभे राहते ते कुलूप घातलेल्या कपाटाचे असते. त्या कुलपाची किल्ली आपल्याजवळ असावी, अशी अपेक्षा त्यात येत नाही.

‘खासगी’ किंवा ‘खाजगी’ हा शब्द फारसीतून आला. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा विभाग होय. त्याचा हिशेब दौलतीच्या हिशेबापासून वेगळा असे. होळकरांची खासगी या बाबतीत प्रसिद्ध आहे. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी बांधलेल्या घाट-मंदिरांशी तिचे नाव जोडलेले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खासगीतील गावे कोणती हे सर्वांस ठाऊक असे. त्यात लपविण्याजोगे काही नव्हते. तथापि दौलतीच्या कारभाऱ्यास त्या उत्पन्नावर हात टाकता येत नसे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी गुप्ततेची नव्हे, तर मालकीची व वेगळ्या हिशेबाची कल्पना आहे. आजच्या प्रश्नास ती ‘गोपनीय’पेक्षा अधिक जवळची आहे.

तिसरा शब्द ‘अनामत’. अरबी ‘अमानत’ या शब्दातील म व न यांची अदलाबदल होऊन, म्हणजे वर्णविपर्ययाने, तो मराठीत रूढ झाला. विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली, परंतु आपल्या मालकीची राहिलेली वस्तू हा त्याचा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. निवडणुकीस उभा राहिलेल्या उमेदवाराची ‘अनामत जप्त’ होते. भाडेकरू घरमालकाकडे अनामत ठेवतो. वाचक ग्रंथालयाकडे ठेवतो. या सर्व प्रयोगांत क्रियापद ‘ठेवणे’ हे आहे हे ध्यानात घ्यावे. वर्गणी ‘देतात’, अनामत ‘ठेवतात’. माहितीच्या बाबतीत मात्र मराठीत ‘माहिती देणे’ असाच प्रयोग रूढ आहे. क्रियापदाच्या या निवडीतच वर उल्लेखिलेल्या गैरसमजाचे मूळ आहे.

(३)

ग्रंथालयाच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मराठी मुलखात वर्गणीदारांच्या ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली जाऊन त्यांस सरकारी अनुदान मिळू लागले. ग्रंथालयाजवळ सभासदाविषयी दोन प्रकारची माहिती असते. एक अर्जात लिहिलेली, म्हणजे तो कोण आहे ही. दुसरी देवघेवीतून आपोआप साचणारी, म्हणजे तो काय वाचतो ही. पहिलीपेक्षा दुसरी अधिक नाजूक आहे. कोणत्या आजारावरचे पुस्तक कोणी नेले, घटस्फोटाच्या कायद्यावरचे कोणी नेले, धर्मचिकित्सेचे कोणी नेले, यांवरून माणसाच्या मनात आणि घरात काय चालले आहे याचा तर्क कोणासही करता येतो. आणि हा तर्क होईल अशी धास्ती वाटली की वाचक ते पुस्तक नेतच नाही.

ही दुसरी माहिती साठते किती हे देवघेवीच्या पद्धतीवर अवलंबून असते. जुन्या खतावणी पद्धतीत प्रत्येक सभासदाला वहीचे एक पान दिलेले असे व त्यावर त्याने नेलेली पुस्तके ओळीने लिहिली जात. वही जपली तर त्याचा सबंध वाचनेतिहास जपला जाई. नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर ते नेणाऱ्याचा क्रमांक व तारीख लिहीत, आणि पुस्तक परत आल्यावरही ती नोंद कार्डावर राही. पुस्तकावरून वाचक शोधता येई. ब्राउन पद्धती याहून वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावाने ती प्रसिद्धीस आली आणि भारतातील ग्रंथालयांत पुढे फार रूढ झाली. तीत सभासदाला जितकी पुस्तके नेता येतात तितकी पाकिटासारखी तिकिटे मिळतात. पुस्तक नेताना पुस्तकाचे कार्ड सभासदाच्या तिकिटात घालून ती जोडी परतीच्या तारखेमागे लावून ठेवतात. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जाते व तिकीट सभासदाच्या हाती. जोडी फुटली की नोंदही संपली. कोणते पुस्तक कोणाकडे आहे हे ग्रंथालयास हवे तितके दिवस कळते. त्यानंतर ते कोणासही, ग्रंथपालासही, सांगता येत नाही. ‘गोपनीय’ हा शब्द न उच्चारता, कोणतेही कुलूप न लावता, या पद्धतीने वाचकाची माहिती राखली. ती निघाली सोयीसाठी; वेळ वाचावा एवढाच तिचा उद्देश होता. परंतु तिच्या रचनेत अनामतीचे तत्त्व पूर्ण उतरले आहे : वस्तू ठेवली, काम झाले, वस्तू परत केली.

संगणक आल्यावर ही स्थिती उलटली. संगणकाच्या स्मरणाला वहीच्या पानासारखी मर्यादा नसते. पुसा असे सांगितल्याशिवाय ते पुसत नाही. म्हणजे खतावणी पद्धतीकडे परत जाणे झाले. फरक इतकाच की ही खतावणी क्षणात चाळता येते व क्षणात दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या व भारतातही वापरात असलेल्या ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीत वाचकाचा इतिहास कायम ठेवावा, ठराविक काळ ठेवावा, की मुळीच ठेवू नये, हे वाचकाने निवडण्याची सोय आहे. ती सोय सुरू करावयाची की नाही हे मात्र ग्रंथालयाने ठरवावयाचे असते. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट किंवा देणगी असा आहे. प्रणाली बनविणाऱ्यांनी ती जगाला मोफत दिली म्हणून हे नाव उचितच होय. परंतु वाचकाची माहिती मात्र देणगी नव्हे, हे त्यांनी ठेवलेल्या सोयीवरूनच दिसते.

(४)

येथे कोणी असे म्हणेल की, मग सभासदांची सगळीच माहिती झाकून ठेवावी. सहकारी संस्थेचे उदाहरण या टोकाच्या निष्कर्षापासून वाचविते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ३८ व्या कलमान्वये प्रत्येक संस्थेस सभासदांची नोंदवही ठेवावी लागते. तीत सभासदाचे नाव, पत्ता, व्यवसाय, सभासद झाल्याची तारीख, भाग, आणि सभासदत्व संपल्याची तारीख असते. ‘आय’ नमुन्यातील नोंदवही व ‘जे’ नमुन्यातील यादी ही नावे सोसायटीच्या चिटणीसांच्या तोंडी आहेत. त्याच अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने ही नोंदवही कचेरीच्या वेळात विनामूल्य पाहण्याचा अधिकार प्रत्येक सभासदास दिला आहे. सभांची इतिवृत्तेही त्यास पाहता येतात. परंतु संस्थेशी झालेल्या व्यवहारांच्या हिशेबाची पाने पाहावयाची असल्यास कायद्याने केलेला भेद पाहण्यासारखा आहे : ज्या भागात त्याचे स्वतःचे व्यवहार नोंदलेले असतील, तेवढाच भाग त्यास पाहता येतो.

या भेदामागे सहकाराचा विचार आहे. संस्था सभासदांच्या मालकीची. मालक कोण कोण आहेत हे मालकांना कळले पाहिजे, नाही तर खोटी नावे घालून निवडणूक जिंकता येईल. म्हणून सभासद कोण हे उघड. परंतु कोणी किती कर्ज काढले आणि का काढले हे मतदानासाठी लागत नाही. म्हणून ते ज्याचे त्यास. साठ वर्षांहून जुन्या या कायद्यात ‘खासगीपणा’ हा शब्द नसेल, तरी त्याचे तत्त्व आहे. कोणती माहिती, कोणास, कशासाठी, या तीन प्रश्नांनी तेथे रेषा आखलेली आहे. ही रेषा संस्थेच्या बाहेर कशी चालते हे थलप्पलम् खटल्याने दाखविले. ७ ऑक्टोबर २०१३ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सरकारी नियंत्रण वा भरीव अर्थसाहाय्य नसलेली सहकारी संस्था माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. निबंधक मात्र सार्वजनिक प्राधिकरण असल्याने कायद्याने त्यास मिळविता येणारी माहिती त्याच्याकडे मागता येते, तीही अपवादांच्या मर्यादेत. सभासदास जे दार उघडे आहे ते वाटसरूस उघडे नाही, एवढेच याचे तात्पर्य.

दिघाशीच्या संदर्भात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गावात सर्वांना सर्वांचे ठाऊक असते हे खरे मानले, तरी ते ज्ञान परस्परांचे असते. जो माझे जाणतो त्याचे मीही जाणतो, हे बंधन गावातील बोलण्याला मर्यादा घालते. यादीला अशी मर्यादा नसते. भिवंडी शहर यंत्रमागांचे. त्याभोवतीच्या तालुक्यात गेल्या काही दशकांत गोदामांची मोठी वाढ झाली व जमिनीचे मोल चढले. अशा मुलखात एखाद्या सोसायटीची शेतकरी सभासदांची यादी, त्यांचे दूरध्वनी क्रमांक व थकबाकी यांसह, जमिनीच्या दलालाच्या हाती गेली, तर गावाला ठाऊक असलेली गोष्ट तीच असूनही तिचे काम बदलते. कोण अडचणीत आहे हे शेजाऱ्याला कळल्याने मदत येते. दलालाला कळल्याने भाव पडतो. सात-बाराचा उतारा सर्वांस पाहता येतो, कारण जमीन कोणाची हे घेणाऱ्यास कळणे न्यायाचे आहे. परंतु विकणाऱ्याची निकड किती हे कळणे त्या न्यायात बसत नाही.

(५)

आता नव्या कायद्याकडे वळावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व कलमे एकदम लागू झाली नाहीत. संमती व सूचना यांविषयीची मुख्य कलमे नियमांच्या प्रसिद्धीनंतर अठरा महिन्यांनी अमलात यावीत असे त्या वेळी ठरविण्यात आले. या कायद्याच्या परिभाषेत एक गोष्ट आदराने नोंदण्यासारखी आहे. युरोपच्या २०१६ च्या विनियमात माहिती बाळगणाऱ्यास ‘कंट्रोलर’ म्हणजे नियंत्रक म्हटले आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात त्याऐवजी ‘फिड्युशिअरी’ हा शब्द सुचविला, आणि तोच कायद्यात आला. ‘फिड्युशिअरी’ म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकून वस्तू सोपविली असा मनुष्य, मराठीत विश्वस्त. सोपविलेली वस्तू म्हणजे अर्थातच अनामत. कायद्याने नकळत तोच संबंध गृहीत धरला आहे, जो मराठी माणसाला ग्रंथालयाच्या पावतीवरून पूर्वीच परिचित होता. संमती मागे घेतल्यावर किंवा हेतू संपल्यावर माहिती पुसावी, संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, माहिती फुटल्यास संबंधितास कळवावे, ही त्यातील कलमे विश्वस्ताची कर्तव्येच होत.

तथापि दोन उणिवा दाखविणे प्राप्त आहे. पहिली व्याप्तीची. हा कायदा डिजिटल रूपातील, किंवा कागदावर घेऊन पुढे डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू आहे. सोसायटीच्या कपाटातील हस्तलिखित नोंदवही त्याच्या कक्षेबाहेर. त्याच पानाचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले की कक्षेत. अनेक लहान संस्था आज नेमक्या या उंबरठ्यावर आहेत. वही आहेच, आणि तिचे छायाचित्र सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटावर फिरतेही आहे. आपण उंबरठा ओलांडला हे चिटणीसास ठाऊक नसते, कारण त्याच्या लेखी वही तीच असते.

दुसरी उणीव भाषेची. संमती मागताना ती सुस्पष्ट व साध्या भाषेत मागावी, आणि इंग्रजी किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत ती पाहण्याचा पर्याय द्यावा, असे कायदा म्हणतो. अनुसूचीत बावीस भाषा आहेत. भिवंडी तालुक्याचा विचार करता मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू यांची त्यात सोय झाली. वारली व कातकरी बोलणाऱ्यांची झाली नाही. त्यांस मराठीतील सूचना मिळेल, आणि ती साधी असेल तरच उपयोगी पडेल. म्हणजे कायद्यातील ‘साध्या भाषेत’ हा शब्दप्रयोग अनुसूचीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. आणि साधी भाषा म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. ती अर्ज लिहिणाऱ्यावर सोपविलेली आहे.

(६)

अर्ज लिहिणारा मात्र कारभारी मराठीच्या एका साच्यात अडकलेला असतो. ‘अर्जदाराची माहिती गोळा करण्यात येईल व आवश्यकतेनुसार अन्य संस्थांना पुरविण्यात येईल’, ‘वरील अटी मला मान्य आहेत’ अशा धर्तीची वाक्ये अर्जांत असतात. त्यांची व्याकरणदृष्ट्या तपासणी केली असता तीन दोष आढळतात.

पहिला, ‘-ण्यात येणे’ ही रचना. तीत कर्ता सांगण्याची गरजच उरत नाही. ‘चिटणीस माहिती दाखवील’ या कर्तरी वाक्यात दाखविणारा स्पष्ट आहे. चूक झाल्यास कोणाला विचारावयाचे हे कळते. ‘माहिती दाखविण्यात येईल’ या वाक्यात दाखविणारा कोणीच नाही. सरकारी पत्रव्यवहारात ही रचना मराठी राजभाषा होण्यापूर्वीपासून चालत आली असेल. परंतु विश्वासाच्या करारात विश्वस्ताचे नावच वाक्यातून गळावे हे करारालाच मारक आहे.

दुसरा दोष मोकळ्या शब्दांचा : ‘आवश्यकतेनुसार’, ‘अन्य’, ‘इत्यादी’, ‘वेळोवेळी’. नव्या नियमांत कोणती माहिती घेतली जाते याचा बाबवार तपशील द्यावा असे म्हटले आहे. ‘इत्यादी’ ही बाब नव्हे.

तिसरा दोष अधिक खोल आहे. ‘मला मान्य आहे’ या वाक्यात ‘मला’ ही चतुर्थी आहे. ‘मला भूक लागली’, ‘मला ठाऊक आहे’ या वाक्यांप्रमाणेच येथे माणूस कृती करणारा नसून एखाद्या अवस्थेचा अनुभव घेणारा आहे. कायद्याला हवी असते ती अनुभवाची अवस्था नव्हे, तर मोकळी, विशिष्ट आणि स्पष्ट कृती. ‘मी संमती देतो’ किंवा ‘देते’ ही कृती होय. आणि जे दिले ते परत घेता येते. ‘मान्य असणे’ हे परत घेता येत नाही, ते फार तर नसते होऊ शकते, आणि त्यासाठी अर्जावर जागा ठेवलेली नसते. सवयीच्या या वाक्यामुळे संमती मागे घेण्याचा सभासदाचा हक्क कागदावर उमटण्यापूर्वीच नाहीसा होतो.

नावाच्या रकान्याचाही येथे विचार केला पाहिजे. मराठी नाव हीच एक लहानशी नोंदवही आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव या तीन पदांतून कुटुंब कळते. आडनाव ‘-कर’ अंती असेल तर गावही कळते, आणि बहुधा जातीचा तर्कही होतो. त्यापुढे ‘श्री./सौ./श्रीमती/कु.’ यांतून निवड करावयाची असते. पुरुषाला एकच पर्याय. स्त्रीला मात्र विवाहित, अविवाहित की विधवा हे सांगितल्याखेरीज अर्ज पुरा करता येत नाही. पुस्तक नेण्यासाठी ही माहिती कशाला हवी, याचे उत्तर कोणत्याही ग्रंथालयास देता येणार नाही. १ मे २०१४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. समतेच्या दृष्टीने तो स्वागतार्हच आहे; परंतु त्यामुळे सरकारी कागदांतील नावात आणखी एका पदाची भर पडली. संस्थांनी आपल्या अर्जांत त्याची नक्कल करताना, पद आपल्या कामास लागते काय, हे पाहिले पाहिजे. ओळखपत्राच्या छायाप्रतीचेही तसेच. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार-निकालाने खाजगी संस्थांना कराराच्या आधारे आधारचा वापर करू देणारा कायद्याचा भाग रद्द ठरविला. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन ऐच्छिक वापराची वाट ठेवली गेली. परंतु ‘ऐच्छिक’ हा शब्द अर्जावर क्वचितच छापला जातो.

(७)

या चिकित्सेवर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, लहान संस्थेजवळ पैसा व मनुष्यबळ नसते. तिने हे ओझे कसे वाहावे? याचे उत्तर ब्राउन पद्धतीने दिलेलेच आहे. माहिती राखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ती न घेणे, आणि घेतलेली वेळेवर परत करणे. कमी रकाने छापण्यास अधिक खर्च येत नाही. दुसरा आक्षेप असा की, अनुदानाच्या व लेखापरीक्षणाच्या तपासणीस सभासदांची नोंद दाखवावीच लागते. ती दाखवावी; कायद्याने जे मागितले ते देण्यास नवा अधिनियम आडवा येत नाही. परंतु तपासणीसाठी सभासदसंख्या व वर्गणीच्या पावत्या लागतात. कोणी काय वाचले हे लागत नाही. या दोन गोष्टी एकाच वहीत एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या वेगळ्या केल्या की आक्षेपही सुटतो.

अर्जाची भाषा कशी असावी याचा एक नमुना असा देता येईल : ‘आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक हे ग्रंथालय पुस्तकांच्या देवघेवीसाठी आपल्याकडून ठेवून घेत आहे. ते ग्रंथपाल व चिटणीस पाहतील. अनुदानाच्या तपासणीस येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यास चिटणीस सभासदांची नोंदवही दाखवतील. याखेरीज ग्रंथालय ही माहिती कोणासही देणार नाही. आपण परत केलेल्या पुस्तकांची नोंद ग्रंथालय ठेवत नाही. आपण सभासदत्व सोडाल तेव्हा अनामत रकमेबरोबर ही माहितीही ग्रंथालय काढून टाकील. हिशेबासाठी लागणारी पावती तेवढी राहील.’ यात प्रत्येक वाक्यास कर्ता आहे, प्रत्येक माहितीस हेतू आहे, आणि शेवट कधी हे सांगितलेले आहे. हा मजकूर मोठ्याने वाचून दाखविला तर ज्यास वाचता येत नाही अशा सभासदासही तो समजेल. साध्या भाषेची याहून निराळी कसोटी शोधण्याचे कारण नाही.

पारिभाषिक शब्द घडविण्यात मराठीने गेल्या शतकात पुष्कळ श्रम केले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून कोशांची मोठी मालिका सिद्ध झाली, आणि ‘डेटा’साठी ‘विदा’ हा शब्दही आता वापरात येत आहे. हे काम आवश्यक आहे. परंतु सभासदाच्या माहितीचा प्रश्न नव्या शब्दाच्या अभावी अडलेला नाही. लागणारा शब्द ग्रंथालयाच्या पावतीवर पूर्वीपासून छापलेला आहे. त्या पावतीवरील अनामत रकमेविषयी जो काटेकोरपणा संस्था आजवर पाळीत आल्या, म्हणजे मोजून घेणे, लिहून देणे, दुसऱ्या कामास न लावणे आणि मागताच परत करणे, तोच त्यांनी त्याच अर्जाच्या वरच्या अर्ध्या भागात लिहून घेतलेल्या माहितीस लावावा, इतकीच ही मागणी आहे. तसे झाले तर दिघाशीतील वाचक आपल्याला हवे ते पुस्तक निर्धास्तपणे मागू शकेल, आणि तेथील कर्जदार सोसायटीच्या वहीत आपले नाव लिहून देताना ते कोणापर्यंत जाईल हे जाणून सही करील.